आधी नावं सांग

1994 च्या श्रावणातली दुपार. वंजारपट्टी नाक्याच्या आतल्या एका गल्लीत सायझिंगमधून सुताने भरलेले बीम घेऊन टेम्पो मागे मागे येत होता. गल्ली इतकी अरुंद, की समोरून सायकल आली तरी कुणाला तरी ओट्यावर चढावं लागे. टेम्पोचं चाक गटाराच्या लादीवर आलं, लादी फुटली, एक बीम घसरला आणि ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्याच्या नडगीला चाटून गेला. म्हाताऱ्याच्या मुलाने टेम्पोवाल्याची कॉलर धरली. टेम्पोवाल्याच्या भावाने पाना उचलला. दहा मिनिटं झटापट झाली, एकाच्या डोक्याला तीन टाके पडले. संध्याकाळी दोन्ही घरची माणसं चौकीत बसून चहा प्यायली आणि आमची एकमेकांविरुद्ध काही तक्रार नाही, असं लिहून देऊन घरी गेली. लादीचे पैसे टेम्पोवाल्याने द्यायचे ठरले.

मी तेव्हा मुंबईच्या एका दैनिकाचा भिवंडीतला वार्ताहर होतो. गल्लीत जाऊन आलो होतो, चौकीतही बसलो होतो. जे पाहिलं ते नऊ ओळींत लिहिलं आणि एसटीडी बूथवरून कार्यालयात फोन लावला. रात्रपाळीच्या उपसंपादकांनी मला मध्येच थांबवलं.

"ते राहू दे. आधी नावं सांग."

मी नावं सांगितली. एक नाव एका धर्माचं होतं, दुसरं दुसऱ्याचं. पलीकडे क्षणभर शांतता. मग विचारणा झाली, "पोलीस बंदोबस्त आहे ना?" मी म्हटलं, "चौकीत दोन हवालदार असतात, ते आहेत."

सकाळी पहिल्या पानावर तीन कॉलमी बातमी होती. भिवंडीत दोन गटांत हाणामारी, तणावपूर्ण शांतता, कडक बंदोबस्त. टेम्पोवाल्याचं नाव पूर्ण, वडिलांच्या नावासकट. म्हाताऱ्याच्या मुलाचा उल्लेख 'एक तरुण' एवढाच. खाली, 'विशिष्ट समाजाच्या जमावाने' अशी ओळ. जमाव म्हणजे टेम्पोवाला आणि त्याचा भाऊ. चहाचा आणि तक्रार नसल्याचा उल्लेख नव्हता. मी पाठवलेल्या नऊ ओळींपैकी गल्लीचं नाव आणि तीन टाके एवढंच उरलं होतं.

त्या दिवशी नाक्यावरची निम्मी दुकानं दुपारपर्यंत उघडली नाहीत. बातमी वाचून लोकांना वाटलं, रात्री काहीतरी झालं असणार. दुपारी पोलिसांची जादा गाडी आली. ती पाहून उरलेली दुकानंही बंद झाली. दुसऱ्या दिवशी मी 'भिवंडीत बाजारपेठ बंद' अशी बातमी दिली आणि ती शंभर टक्के खरी होती.

कार्यालयातून निरोप आला, चांगली बातमी दिलीस. मला तेव्हा बरं वाटलं, हे मला इथे लिहून ठेवायचं आहे.

भिवंडीबाहेरच्या माणसाला आमचं गाव दोन शब्दांनी माहीत असतं. एक यंत्रमाग आणि दुसरा 'संवेदनशील'. वर्तमानपत्रात भिवंडीच्या आधी हा शब्द इतक्या वर्षांपासून लागतो आहे, की तो गावाच्या नावाचाच भाग वाटावा. पाणी आलं नाही तरी 'संवेदनशील भिवंडीत पाणीटंचाई'. हा शब्द 1970 चा. त्या वर्षीच्या 7 मे रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीनंतर इथे दंगल पेटली आणि जळगाव-महाडपर्यंत तिचं लोण गेलं. मी आठ वर्षांचा होतो. आमचं घर कामतघरला, वऱ्हाळा तलावाजवळ. वडील भाताची शेती करत आणि भाजी घेऊन मंडईत बसत. गावावर धूर दिसत होता आणि वडील घराच्या पायरीवर बसून नुसते धुराकडे बघत होते, हे आठवतं. त्यानंतर कित्येक दिवस वर्तमानपत्र आणि अफवा यांत आम्हाला फरक करता येत नसे. दोन्ही माणसांच्या तोंडूनच घरी येत.

त्या दंगलीची चौकशी न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने केली. एकट्या भिवंडीत 78 माणसं गेली, त्यांत 59 मुसलमान आणि 17 हिंदू होते, आणि दोघांची ओळख पटली नाही, अशी नोंद त्या अहवालात आहे. वार्ताहर झाल्यावर मी तो अहवाल मिळवून वाचला. माझ्या मनात कायमचं रुतलं ते मृतांच्या आकड्यांपेक्षाही दंगलीनंतरच्या तपासाविषयीचं प्रकरण. गुन्हे शोधण्यासाठी नेमलेल्या विशेष पथकाने एकाच समाजाने कट रचला असं गृहीत धरलं आणि त्या गृहीताला जुळेल तेवढंच गोळा केलं, असा ठपका आयोगाने ठेवला आहे. हे वाचताना मला त्या पथकाचा राग आला होता. एसटीडी बूथवर उभं राहून मी नावं सांगितली, तेव्हा तो अहवाल माझ्या घरी कपाटात होता.

खोटी बातमी म्हटलं की लोकांना वाटतं, न घडलेलं घडलं म्हणून छापलं. पस्तीस वर्षांत असं मी फार थोडं पाहिलं. मी पाहिलं आणि केलं ते निराळं आहे. माणूस अमुक पक्षाचा, अमुक समाजाचा असला तर त्याचं पूर्ण नाव, नाहीतर 'एक इसम'. एकाची 'मागणी', दुसऱ्याची 'दमबाजी'. एकाचा 'मोर्चा', दुसऱ्याचा 'जमाव'. दोन्हीकडे दगड होते, पण ज्याचा दगड आधी लिहिला त्याने दंगल सुरू केली, असं वाचणाऱ्याला वाटतं. यातला प्रत्येक शब्द न्यायालयात टिकेल.

6 डिसेंबर 1992 ला बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर मुंबई जळत होती. दोन खेपांत नऊशेच्या आसपास माणसं गेली. मुंबईच्या कार्यालयातून मला दर दोन तासांनी फोन येई, भिवंडीत काय? मी सांगे, काही नाही. पलीकडच्या आवाजाला ते पटत नसे. 1970 आणि 1984 च्या दंगली पाहिलेलं हे गाव गप्प कसं, नीट बघ, तू घरात बसून तर सांगत नाहीस ना, असंही एकदा ऐकून घेतलं.

मी घरात बसलो नव्हतो. सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून इथे आले तेव्हापासून, म्हणजे 1988 पासून, गल्लोगल्ली मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या होत्या. साधारण सत्तर. त्यांत पुढारी नव्हते. मागवाले, दुकानदार, मास्तर, रिक्षावाले होते, दोन्ही समाजांचे. एरवी त्या बैठकांत गटार, नळ, पोरांची भांडणं हेच चाले, आणि मला त्यातून बातमी मिळत नसे म्हणून मी जाणं टाळत असे. पण त्या डिसेंबरात मी एका रात्री निजामपुऱ्यातल्या समितीबरोबर जागलो. कुणीतरी पळत येऊन सांगितलं की धामणकर नाक्यावर एक मंदिर फोडलं. समितीतले दोघे, एक हिंदू आणि एक मुसलमान, एकाच स्कूटरवर बसून गेले आणि वीस मिनिटांत परत आले. मंदिर होतं तसं होतं, पुजारी झोपलेला होता. त्यांनी सगळ्यांना तसं सांगितलं आणि लोक घरी गेले. बातमीदाराने जे करायला हवं ते त्या दोघांनी माझ्या डोळ्यांदेखत केलं.

मी त्या रात्रीवर साडेचारशे शब्द लिहिले. पाचव्या पानावर एका कॉलमात चार ओळी आल्या: भिवंडीत शांतता. त्याच दिवशी मी घरी एक दोनशे पानी वही आणली. डाव्या पानावर छापून आलेलं कात्रण, उजव्या पानावर मी पाठवलेला मजकूर. पुढे वह्या वाढत गेल्या. 1994 च्या श्रावणातल्या त्या नऊ ओळीही अशाच उजव्या पानावर आहेत.

याचा अर्थ मी सज्जन आणि कार्यालय दुर्जन असा नाही. वही ठेवली म्हणून मी मोकळा होत नाही. मी नावं सांगायला नकार देऊ शकलो असतो. निदान विचारू शकलो असतो, नावं कशाला हवीत? मानधन तुटपुंजं होतं, जाहिरातींच्या कमिशनवर घर चालायचं आणि वार्ताहराचं ओळखपत्र खिशात असलं की गावात लोक खुर्ची देत. या तिन्हींसाठी मी गप्प राहिलो.

5 जुलै 2006 ला क्वार्टर गेटजवळच्या पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून गाव पुन्हा पेटलं. पोलिसांच्या गोळीबारात दोघे गेले आणि त्या रात्री दोन पोलिसांना जमावाने ठार मारलं. चार घरं. आमच्या दैनिकाने पोलिसांच्या दोन घरांवर अर्धं पान दिलं, आणि ते द्यायलाच हवं होतं. त्या माणसांचा मृत्यू फार क्रूर होता. दुसऱ्या दोन घरांना 'गोळीबारात दोन ठार' यापलीकडे जागा नव्हती. मी चहाच्या टपरीवर एका मित्राकडून उर्दू वर्तमानपत्र वाचून घेत असे. तिथे उलट. गोळीबारातल्या दोघांची आई, शाळा, लग्नाची तारीख सगळं होतं आणि पोलीस 'दोन पोलीसही मरण पावले' एवढ्यातच संपले होते. दोन्ही वर्तमानपत्रं टपरीच्या बाकावर शेजारी शेजारी ठेवली तेव्हा चार घरं पुरी झाली. पण भिवंडीत ती दोन्ही वाचणारी माणसं किती? मराठी वाचणाऱ्या गल्लीत दोन माणसं मेली होती आणि उर्दू वाचणाऱ्या गल्लीत दुसरीच दोन.

मी चारही घरी जाऊ शकलो असतो. दोन घरं तर माझ्या घरापासून रिक्षाने पंधरा मिनिटांवर होती. मी गेलो नाही. कार्यालयाने मागितलं नव्हतं.

धर्मावरून होणारा पक्षपात निदान रागातून, भीतीतून येतो म्हणता येईल. 2009 मध्ये जे आलं ते थंड डोक्याने आलं. मतदारसंघांच्या फेररचनेनंतरची ती पहिली विधानसभा निवडणूक, मतदान 13 ऑक्टोबरला. सप्टेंबरात कार्यालयातून दरपत्रक आलं. प्रचारफेरीची बातमी इतके, मुलाखत इतके, 'विजयाकडे वाटचाल' छापाचा अर्ध्या पानाचा लेख इतके. संपूर्ण पॅकेज घेतलं तर सवलत. जाहिरात असं कुठेही लिहायचं नाही, बातमीच्याच टाइपात, बातमीच्याच जागी. वार्ताहराला नेहमीचं कमिशन.

मी एका उमेदवाराची मुलाखत लिहिली. त्याला मी भेटलो नव्हतो. प्रश्न मीच लिहिले, उत्तरंही मीच लिहिली, त्याच्या माणसाने दोन विशेषणं वाढवून परत दिली. छापून आल्यावर तिच्यावर माझं नाव नव्हतं, नेहमीसारखं 'वार्ताहर'. त्या कमिशनमधून मुलीच्या कॉलेजची फी भरली.

त्याच निवडणुकीत एक निवृत्त मास्तर अपक्ष उभे होते. रोज सकाळी सायकलवरून येत आणि हाताने लिहिलेली प्रेस नोट देऊन जात. पिण्याच्या पाण्याविषयी, कामगारांच्या बिस्सीतल्या, म्हणजे खाणावळीतल्या, अन्नाविषयी, सायझिंगच्या धुराविषयी. अक्षर सुंदर. मी सगळ्या नोटा टेबलाच्या खणात ठेवत गेलो, कारण पैशाशिवाय कुणाही उमेदवाराचं नाव घ्यायचं नाही असा आदेश होता. एक दिवस ते म्हणाले, "माझी बाजू नका छापू. मी उभा आहे, एवढं तरी लोकांना कळू दे." मी म्हटलं, "बघतो सर." काय बघणार होतो? त्या खणाचा आवाज मला अजून ऐकू येतो.

निवडणूक झाल्यावर पत्रकार पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'मध्ये महाराष्ट्रातला हा बाजार उघड्यावर आणला. एका बड्या नेत्यावरचा एकच लेख, शब्दही न बदलता, एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या तीन मराठी दैनिकांत बातमी म्हणून छापला गेला होता. त्या नेत्याने वर्तमानपत्री जाहिरातींचा खर्च दाखवला होता 5,379 रुपये. प्रेस कौन्सिलने परंजय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांना चौकशीला लावलं. त्यांचा सविस्तर अहवाल कौन्सिलने आधी पूर्ण प्रसिद्धच केला नाही. 2010 मध्ये थोडक्यात आवृत्ती काढली आणि मूळ अहवाल केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर 2011 मध्ये बाहेर आला. पत्रकारांच्या गैरव्यवहाराचा अहवाल पत्रकारांच्याच संस्थेतून ओढून काढावा लागला, याची लाज मला आजही वाटते.

या धंद्यातल्या थोरांनाही खोटं चिकटलेलं आहे, आणि त्यांनी काय केलं ते पाहण्यासारखं आहे. कोल्हापूरच्या महाराजांचा छळ होतो आहे, या बाजूने 'केसरी' आणि 'मराठा'ने 1881-82 मध्ये दिवाण बर्वे यांच्यावर आरोप केले, पत्रांच्या आधारावर. ती पत्रं बनावट निघाली. टिळक आणि आगरकरांनी माफी मागितली, तरी शिक्षा झाली आणि दोघे डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस राहून आले. शाळेत आम्हाला हा तुरुंगवास त्याग म्हणून शिकवला. तो होताच. पण मला त्यातला दुसरा भाग जास्त जवळचा वाटतो. महाराजांविषयीची त्यांची कळकळ खरी होती आणि म्हणूनच त्यांनी पत्रं नीट तपासली नाहीत. आपल्या मनात जे आधीच आहे ते कागदावर लिहून आलं की माणूस सही तपासत नाही. पण चुकल्यावर ते 'कार्यालयाने सांगितलं' म्हणाले नाहीत. त्यांच्या चुकीवर त्यांचं नाव होतं.

2020 च्या एप्रिलमध्ये मी जवळजवळ थांबलो होतो, तरी जुन्या ओळखीने एका वाहिनीला दृश्यं आणि माहिती देत असे. कोरोनाच्या टाळेबंदीमुळे माग बंद होते. भिवंडीत मागावरचे कामगार एका खोलीत दहा-बारा राहतात आणि दोन पाळ्यांत झोपतात. दिवसपाळीचा उठला की त्याच जागेवर रातपाळीचा आडवा होतो. माग थांबले आणि दोन्ही पाळ्या एकाच वेळी घरी आल्या. खोलीत निम्मी माणसं मावतच नव्हती. ती बाहेर गल्लीत उभी राहिली. एवढं साधं गणित.

मी एका दुपारी शिधा वाटपाच्या रांगेचं चित्रण पाठवलं. मागे मशिदीचा मिनार दिसत होता, कारण ती गल्लीच तिथे आहे. फोनवर सांगितलं, ही तांदूळ-डाळीची रांग आहे, दोन्ही समाजांचे कामगार आहेत, तेलुगू पद्मशालीही आहेत. संध्याकाळी रांगेचं पुढचं टोक, जिथे पिशव्या भरल्या जात होत्या, कापलेलं होतं. मिनार होता, गर्दी होती आणि खाली पट्टी फिरत होती, नियम धाब्यावर. मी ताबडतोब फोन केला. या वेळी मी ओरडलो. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या सुमाराला एकदा खुलासा दाखवला गेला, किती सेकंद ते मी मोजले नाही. तोवर ते दृश्य राज्यभर फोनवरून फिरलं होतं. आमच्या कामतघरातल्या एका मुलाने ते मलाच पाठवलं, "काका, बघा हे लोक."

त्याच वर्षी 21 ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलिगी जमातच्या परदेशी पाहुण्यांवरचे कोरोनाकाळातले गुन्हे रद्द केले आणि छापील व दृकश्राव्य माध्यमांतून त्यांच्याविरुद्ध मोठा अपप्रचार झाला, असं नोंदवलं. ती बातमी आमच्या वाहिनीने दिली, पण पट्टीत. त्या उन्हाळ्यात शांतीनगरच्या मक्का मशिदीत रुग्णांसाठी मोफत प्राणवायूची सोय झाली होती. मी तीही बातमी पाठवली होती.

2021 च्या पावसाळ्यात माळ्यावरच्या वह्यांना वाळवी लागली म्हणून सगळ्या उन्हात काढल्या. 1994 ची वही उघडली. दोन दिवसांनी ती पिशवीत घालून टेम्पोवाल्याला शोधायला निघालो. वंजारपट्टीची ती गल्ली आता रुंद झाली आहे. कुणीतरी सांगितलं, तो गायबीनगरला एका कारखान्यात मेहता आहे, तागे मोजतो.

चोवीस मागांची खोली. बोलणं ऐकू येत नव्हतं, म्हणून आम्ही बाहेर पायरीवर बसलो. त्याने मला ओळखलं होतं. बातमी आल्यावर आठवड्याच्या आत सायझिंगवाल्याने त्याला भाडी देणं बंद केलं, महिन्याने घरमालकाने खोली सोडायला लावली, टेम्पो विकावा लागला. ज्या म्हाताऱ्याला बीम लागला होता त्याचाच मुलगा नवी खोली शोधायला त्याच्याबरोबर हिंडला. हे सगळं त्याने तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, हिशेब सांगावा तसं सांगितलं.

"आपका नाम नहीं था उसमें," तो म्हणाला. "मगर हमको मालूम था."

मी वही काढली. त्याला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. कात्रण त्याने बोटाने ओळखलं. स्वतःच्या नावाची अक्षरं त्याला पाठ होती. मी उजवं पान वाचून दाखवलं. गल्ली, लादी, बीम, पाना, तीन टाके, चौकी, चहा, तक्रार नाही, लादीचे पैसे. नऊ ओळी. तो मांडीवर हात ठेवून ऐकत होता. वाचून झाल्यावर म्हणाला, "यही हुआ था." मग थोड्या वेळाने, "फिर से पढ़ो."

मी पुन्हा वाचलं. आत कुणीतरी त्याला हाक मारत होतं, तागा संपला होता. तो उठला, वहीवर वाकला आणि नवव्या ओळीखालच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

"इधर अपना नाम लिखो."

मी पेन काढलं आणि पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट.